काउंट अ‍ॅलन रूफस : नामसाम्याचा घोटाळा

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम यानें इंग्लंड जिंकलें. त्याच्या मागून फ्रान्सच्या वायव्य टोंकाच्या ब्रिटनी प्रांतांतले जे सरदार तिकडे गेले, त्यांत सर्वांत वैभवास चढला तो काउंट अ‍ॅलन, उपनाम रूफस म्हणजे तांबडा. याचें जें चरित्र जुन्या इंग्रज वंशावळीकारांनीं दिलें आहे, त्यांत तीन भिन्न पुरुषांचा काला झालेला आहे. अलीकडील संशोधकांनीं तो बराच निस्तरला. तथापि जुनीं विधानें अंधपरंपरेनें अद्यापि उतरून घेतलीं जातात, म्हणून त्यांची छाननी करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम कुलवृत्तांत. ब्रिटनीचा ड्यूक पहिला जेफ्री यास हॉईझ नामक पत्नीपासून दोन पुत्र होते. थोरला तिसरा अ‍ॅलन गादीवर आला, धाकटा यूडो. हा यूडो रूफसचा पिता. हॉईझ ही नॉर्मंडीच्या दुसऱ्या रिचर्डची बहीण, आणि तो रिचर्ड विल्यमचा आजा. म्हणजे रूफसचा बाप व विल्यमचा बाप हे आतेमामे भाऊ होत. इ. स. १०४० त थोरला भाऊ वारला, तेव्हां यूडोनें अज्ञान पुतण्या कोनन याच्या नांवें कारभार हातीं घेतला. पुतण्या वयांत आल्यावर चुलत्या-पुतण्यांत उभा दावा माजला व चुलत्यास कैद भोगावी लागली. अशा बापाच्या पुष्कळ पुत्रांस मायदेशीं वांटणी ती किती येणार? जेफ्री बोटेरेल हा वडील मुलगा घरीं राहिला. ब्रायन, रूफस इत्यादिकांनीं इंग्लंडांत नशीब काढलें.

आतां घोटाळा पाहूं. जुन्या लेखकांनीं रूफस यासच ‘फर्गंट’ हें दुसरें उपनाम देऊन, विल्यमची कन्या कॉन्स्टन्स ही त्याची पत्नी ठरविली. हें सर्वथा त्याज्य आहे. अ‍ॅलन फर्गंट हा ब्रिटनीचा ड्यूक होएल याचा मुलगा. त्याची आई तिसऱ्या अ‍ॅलनची कन्या, म्हणजे रूफसची चुलत बहीण. आणि होएल हा रूफसच्या आईचा भाऊ. तेव्हां फर्गंट हा रूफसचा एका नात्यानें भाचा व दुसऱ्या नात्यानें मामेभाऊ. परंतु तो रूफस नव्हे. राजाचा जांवई तो फर्गंट. तो इ. स. १११९ पर्यंत जिवंत होता व त्याच्यामागें ब्रिटनीची गादी त्याच्या कोनन नामक पुत्राकडे गेली. रूफसची इंग्लंडांतली मिळकत मात्र भावाकडे गेली. एकाच मनुष्यास दोन मरणें व दोन प्रकारचे वारस कसे संभवतील?

दुसरा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. ज्या भावाकडे ती मिळकत गेली, त्याचेंही नांव अ‍ॅलनच. उपनाम नायजर, म्हणजे काळा. एका बापाच्या दोन हयात पुत्रांस एकच नांव असल्यामुळें उपनाम हाच दोघांतला व्यवच्छेदक धर्म ठरतो. इ. स. १०८६ च्या ‘डूम्सडे’ नामक जमीनझाडणींत तर नुसतें ‘काउंट अ‍ॅलन’ एवढेंच आढळतें. शिवाय तेथील काउंट हें पद ब्रिटनीच्या राजकुळांत जन्मल्यामुळें आलेलें आहे. त्याचें भाषांतर ‘रिचमंडचा अर्ल’ असें करणें म्हणजे पुढील काळची पदवी मागें ढकलणें होय. रिचमंडचा किल्ला त्यानें बांधविला हें खरें असलें तरी.

मृत्यूच्या सालाचा वाद याच दोन भावांवर येऊन ठेपतो. वंशावळींत इ. स. १०८९ हें साल रूढ आहे. त्याच्या उलट एक समकालीन पत्र उभें राहतें. पराभूत राजा हॅरल्डची कन्या गुनहिल्ड ही विल्टनच्या मठांत जोगिणीच्या वेषानें राहत असे. मठ सोडून ती रूफसकडे गेली. रूफसच्या पूर्व-इंग्लंडांतील पुष्कळ जमिनी पूर्वीं ‘सुंदर एडिथ’ या बाईच्या होत्या, आणि ही एडिथ गुनहिल्डची आई असावी असें मानतात; तेव्हां या संबंधांत प्रीतीबरोबर जमिनीचा हक्कही असूं शकेल. इ. स. १०९३ मध्यें कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या आन्सेल्मनें गुनहिल्डला खरमरीत पत्र लिहिलें, त्यांत रूफसच्या मरणाचा दाखला देऊन तिला मठांत परत बोलाविलें आहे व काळ्या अ‍ॅलनशीं संबंध जोडण्याविषयीं तिचा निषेध केला आहे. मृत्यूचा घाव ताजा असल्यावांचून असा उपदेश शोभत नाहीं. म्हणून १०९३ हें साल आम्ही ग्राह्य धरतों.

हें अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे, हें आम्ही जाणून आहों. पत्रानें रूफस तत्पूर्वीं वारला एवढेंच निर्विवाद सिद्ध होतें. ‘नुकताच’ हा शब्द आम्ही पत्राच्या सुरावरून घातला आहे. परंतु वंशावळीचें साल कोणत्या आधारावर उभें आहे हें वंशावळ सांगत नाहीं, आणि पत्र आपला लेखक व आपला प्रसंग स्वतः सांगतें. बखर आणि अस्सल पत्र यांत विरोध आला असतां काय करावें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

कोणी म्हणेल, आठ-नऊ शतकांपूर्वींच्या परदेशस्थ सरदाराचीं चार वर्षें इकडे कीं तिकडे, यानें काय बिघडतें? बिघडतें तें गुनहिल्डचें. रूफस व फर्गंट एक मानिले, तर ती राजजांवयाची रखेली ठरते. दोन्ही अ‍ॅलन एक मानिले, तर आन्सेल्मच्या पत्रास अर्थच उरत नाहीं. तिघे निराळे ओळखले म्हणजे बाप रणांत पडलेली, वडिलार्जित भूमि परक्यांच्या हातीं गेलेली व आश्रयदाता मृत झालेली एक राजकन्या दिसूं लागते. तिच्याकडून आन्सेल्मला गेलेलें उत्तर आज आपल्यापुढें नाहीं. नांवें नीट वेगळीं करणें हें वंशावळीकाराचें पहिलें कर्तव्य, तें एवढ्याचसाठीं.