शोकाला पाठ फिरवणारे शब्द

गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेकडे करुणरसाचे उदाहरण म्हणून पाहण्याची आपल्या अध्यापनात रूढी आहे. माता, मृत बालक, अश्रू. एवढ्यावर तास संपतो. आमच्या मते या कवितेचे मर्म अश्रूंत नसून युक्तिवादात आहे. मूल गेले हे भोवतालचे लोक जाणतात. आई मात्र ते निजले आहे असे म्हणते, आवाज करू नका म्हणून विनविते, आणि कडव्यामागून कडवे आपल्या म्हणण्याला आधार शोधीत राहते. भ्रमिष्टेचा प्रलाप म्हणून याची बोळवण करणे सोपे आहे. परंतु प्रलापाला इतकी सावधगिरी नसते. कोणता शब्द ऐकावयाचा नाही हे तिला पुरते ठाऊक आहे. म्हणून तर तो कोणाच्या ओठांवर येण्यापूर्वीच ती अडविते. टाळण्यालाही केवढे श्रम पडतात, हे या कवितेइतके क्वचितच कोठे दिसले असेल.

१९१७ साली फ्रॉइडने शोक व विषण्णता यांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि शोक हे मनाने पार पाडावयाचे एक कामच आहे, ही कल्पना रूढ झाली. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब व हेंक स्खूट यांनी तिला मुरड घातली. शोकग्रस्त मन कधी वियोगाकडे वळते, कधी त्यापासून दूर होऊन संसाराच्या व्यवहाराकडे. ही ये-जा स्वाभाविक आहे, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे घटकाभर विसरणे हा काही अपराध नव्हे. साहित्याच्या अभ्यासकाला याहून उपयोगी आहे तो स्ट्रोब यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये मांडलेला विचार. ‘असे का झाले?’, ‘वैद्याला वेळीच बोलावले असते तर?’ असे जे अहोरात्र घोळत राहते, ते दुःखाला भिडणे वाटते खरे. पण पुष्कळदा तेही पळणेच असते. ‘तर’च्या मागे धावणारे मन ‘तो आता नाही’ या लहानशा वाक्यापाशी थांबतच नाही. राजहंसाची आई गप्प राहून टाळीत नाही, बोलून टाळते.

कवितेला मानसशास्त्राच्या तागडीत घालू नये, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. येथे तागडीपेक्षा दिव्याचे काम आहे. वर्गात नुकताच पोरका झालेला मुलगा बसला असता अशी कविता गाळून पुढचा धडा घेणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांचा हेतू दयेचा असतो. मुलाला मात्र एवढेच कळते की, आपल्या घरी जे घडले ते उच्चारण्याजोगे नाही.

याउलट नामदेवांच्या नावावरील समाधीचे अभंग पाहावेत. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तो प्रसंग तेथे पायरीपायरीने येतो. संत जमतात, समाधीची जागा सिद्ध होते, निरोप घेतले जातात. निवृत्तिनाथ बाहेर येतात आणि समाधीवर शिळा ठेवतात. ज्या थोरल्या भावाने गुरुपदी बसून हात धरला, त्याच्याच हातून ती ठेवली जावी! येथे आक्रोश आहे, भाविकाचे आश्चर्यही आहे. पण शिळा ठेवल्याचा प्रसंग गाळलेला नाही. वियोगाचे तपशील सांगण्याचे धैर्य आणि वियोगावर नुसते कुढत बसणे यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. आमच्या रसचर्चेने दोन्हींना ‘शोक’ हे एकच नाव देऊन हे अंतर बुजविले.

आधुनिकांत एक उदाहरण काव्याबाहेरचे. १९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा कुसुमावती देशपांडे त्याच वर्षी निवर्तल्या. पुढे १९७२ मध्ये उभयतांच्या तरुणपणीच्या पत्रांचा संग्रह ‘कुसुमानिल’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याला विलापिका कोणी म्हणणार नाही. परंतु गेलेल्या सहचारिणीचा शब्दन् शब्द छापावयास देणे म्हणजे तिचे अक्षर पुन्हा समोर घेऊन बसणे. ज्या पत्रांना आता उत्तर येणार नाही ती कवी अनिलांनी वाचकांपुढे ठेवली, आणि संग्रहाच्या नावात दोघांची नावे एकत्र गुंफली गेली.