मेजर गिल : पलटणींतला चित्रकार

भुसावळास युरोपीय दफनभूमींत मेजर रॉबर्ट गिल याचें थडगें आहे. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यानें आणि २०१२ सालच्या चित्रपटानें गिल व पारू ही जोडी घरोघरीं पोंचविली. काव्याचा अधिकार आम्ही अमान्य करीत नाहीं. पण गिल प्रियकर म्हणून जितका परिचित झाला तितका चित्रकार म्हणून झाला नाहीं, एवढी आमची तक्रार आहे.

१९१६ पासून इंग्लंडच्या सरकारनें चित्रकारांस मुद्दाम नेमून रणभूमीवर धाडलें. जें डोळ्यांदेखत नष्ट होत आहे त्याची नोंद कुंचल्यानें करावयाची, हें त्यांचें काम. आमच्या मतें गिल हा त्यांचा पूर्वज शोभतो. मद्रासी पलटणीच्या या अधिकाऱ्यास कंपनी सरकारनें १८४४ मध्यें अजिंठ्याच्या कामगिरीवर नेमलें. येथें शत्रु निराळे : ओल, वटवाघुळें, आणि भिंतीचे रंगीत पोपडे खरवडून नेणारे हौशी पाहुणे! अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षें खपून त्यानें मूळ आकाराच्या सुमारें ३० नकला तैलरंगांत उतरविल्या.

या नकलांचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. मूळ चित्रें कोरड्या गिलाव्यावरचीं. त्यांची शांत, मातकट कांति तैलरंगाच्या चकाकींत हरपते. शिवाय अजिंठ्याचा प्राण रेषेंत आहे, आणि तैलरंग रेषेस गिळून टाकतो. नकलेस नक्कल म्हणूनच पाहावें हें खरें. पण मूळ भिंतच झडूं लागली म्हणजे तीच नक्कल दस्तऐवज होऊन बसते. दैव असें कीं, १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून तेथें मांडलेल्या या नकलांपैकीं बहुतेक जळाल्या. पुढें १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन तेंच काम पुनश्च आरंभिलें. त्यांतहि पुष्कळ नकला १८८५ च्या लंडनमधील आगींत गेल्या.

गिलनें कॅमेराहि हातीं धरला होता. १८६४ च्या फर्ग्युसनकृत लेणीविषयक ग्रंथांत त्याचीं ७४ छायाचित्रें आहेत. त्या काळच्या छायाचित्रास रंग नव्हता. पण स्तंभांची घडण आणि दगडाचा पोत यांबाबत तें कुंचल्याहून प्रामाणिक. गिलची नजर आम्हांस तेथें अधिक स्थिर भासते. तो १८७९ मध्यें वारला. आगींतून वांचलेल्या त्याच्या थोड्या नकला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. पारूचें थडगें अजिंठा गांवांत आहे, आणि त्याचें भुसावळास.