पत्ता सापडला, जनुक नाही

बीआरसीए१ वर काही वाचायचं असेल, तर मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाचा १९९० चा ‘सायन्स’मधला शोधनिबंध आधी वाचा. त्यात जनुक नाहीच. आहे तो फक्त पत्ता: १७व्या गुणसूत्राची लांब भुजा, पट्टा क्यू२१.

२३ कुटुंबं, १४६ रुग्ण. अडचण अशी की स्तनाचा कर्करोग मुळातच इतका आढळतो की एकाच घरात आनुवंशिक आणि योगायोगाच्या केसेस मिसळतात, आणि सगळी घरं एकत्र मोजली की संकेत बुडतो. मग त्यांनी कुटुंबं निदानाच्या सरासरी वयानुसार रांगेत लावली. बास, एवढंच! कमी वयात रोग झालेल्या घरांत लॉड स्कोअर ५.९८. एरवी ३ ला लोक मान्य करतात. उशिराच्या घरांत चक्क उणे.

मला टोचतं ते हे की ‘कमी वय’ कुठे संपतं? अशी रेघ आकडे बघून ओढली की लॉड फुगतो, त्यामुळे तेव्हा शंका घेणं रास्तच होतं. १९९१ मध्ये लेन्वार यांच्या गटाला स्तन-अंडाशय कर्करोगाच्या कुटुंबांत तोच पट्टा मिळाला, तेव्हा ती शंका मिटली. जनुक मात्र १९९४ मध्ये यूटाच्या मार्क स्कोल्निक यांच्या गटाने काढलं, किंग यांच्या नव्हे.