सहा मिनिटांचा पाठ आणि शंकेची जागा

महाविद्यालयीन अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने शिकविण्यासाठी ज्या छोट्या चित्रफिती तयार केल्या जातात, त्यांच्याकडे तांत्रिक सोय म्हणून पाहिले जाते. रचनाप्रकार म्हणून क्वचितच. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर प्राध्यापकांनी घाईघाईने असे पाठ तयार केले, ती घाई पुढे ओसरली, परंतु पाठ राहिले आणि त्यांत भर पडत गेली. आज त्यांतून व्याकरण, अर्थशास्त्र, लिपिशास्त्र असे सर्व काही शिकविले जाते. तेव्हा ग्रंथाला लावतो तीच कसोटी त्यांना लावणे अप्रस्तुत ठरणार नाही.

हे पाठ पाहणारा विद्यार्थी कोण, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका १९९८ मध्ये स्थापन झाली. तिच्या नावात शेवटी येणाऱ्या कुपवाडची खरी ओळख तेथील औद्योगिक वसाहतीची. कारखान्यात पाळीवर काम करून पदवीचा अभ्यास करणारा तरुण हा अशा गावातला नेहमीचा विद्यार्थी होय. तो पाठ पाहतो तो हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर, पाळी सुटल्यावर किंवा लागण्यापूर्वी, आणि बहुधा एकटा. (पाळी सांभाळून पाली शिकणाऱ्याची आम्हांस विशेष कणव वाटते, हे येथे सांगून टाकतो.) त्याच्यासाठी पाठ छोटा असणे हा दोष नव्हे, उपकार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून उच्च शिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले, तेव्हा प्रक्षेपणाच्या ठरल्या वेळी संचासमोर बसणे भाग होते. वेळ चुकली की पाठ चुकला. आजचा विद्यार्थी पाठ थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, दहा वेळा ऐकू शकतो. ही सोय लहान नाही.

मात्र ‘पाठ सहा मिनिटांचाच असावा’ हे जे वचन प्राध्यापकांच्या प्रशिक्षणवर्गांतून सूत्रासारखे सांगितले जाते, त्याचे मूळ तपासले पाहिजे. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एडएक्स या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतील ८६२ चित्रफिती आणि त्या पाहिल्याच्या सुमारे ६९ लक्ष नोंदी त्यांनी तपासल्या. चित्रफीत कितीही लांब असो, प्रेक्षक तिच्यापाशी थांबण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे त्यांना आढळले. निष्कर्ष मोलाचा आहे. पण तो कशाविषयी आहे? विद्यार्थी किती वेळ पाहत राहिला आणि पुढचा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न त्याने केला की नाही, एवढेच त्यात मोजले आहे. त्याला काय समजले, याचे ते मापन नव्हे. पाहणे आणि समजणे यांतील हे अंतर पुसून सहा मिनिटांचा नियम करण्यात आला, आणि परिणामी चाळीस मिनिटांचे व्याख्यान कात्रीने सात तुकड्यांत कापणे म्हणजे पाठ रचणे असा समज रूढ झाला. अशा तुकड्यांना आरंभ नसतो, शेवट नसतो. चौथ्या तुकड्यात ‘मघाशी म्हटल्याप्रमाणे’ असे शब्द येतात आणि ते ‘मघाशी’ दुसऱ्याच तुकड्यात असते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. या पाठांतील विवेचन फार सुरळीत असते. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांना केवळ योग्य विवेचन असलेली चित्रफीत दाखविली. इतर काहींना अशी दाखविली की जीत विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती आधी बोलून दाखविल्या जातात आणि मग त्यांचे निरसन होते. दुसऱ्या प्रकारच्या फिती पाहणाऱ्यांची प्रगती अधिक झाली, जरी त्या पाहताना डोक्याला अधिक ताण पडला. पहिल्या प्रकारची फीत स्पष्ट वाटली, आत्मविश्वास वाढला, आणि आधीची चूक बहुतांशी जागेवरच राहिली.

पाली वाङ्मयाच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. मिलिन्दपञ्हात राजा मिलिन्द हा नुसता श्रोता नाही. मेण्डकपञ्हात तो परस्परांशी न जुळणारी दोन वचने समोर ठेवतो आणि नागसेनाला मेंढ्याच्या दोन शिंगांत धरतो. राजा वगळून नागसेनाची उत्तरे तेवढी एकत्र केली, तर ग्रंथ आटोपशीर होईल, आणि निरुपयोगीही. आजच्या बहुतेक शैक्षणिक चित्रफिती म्हणजे राजा वगळलेला मिलिन्दपञ्ह होय.

आमच्याच विषयातले उदाहरण घेऊ. अकारान्त पुल्लिंगी नामाची विभक्तिरूपे शिकविणारे पाठ साधारणतः एकाच वळणाचे असतात. स्वागत, प्रास्ताविक, मग ‘बुद्ध’ शब्दाचा तक्ता, आणि त्यातील रूपांचे संथ वाचन. तक्ता अचूक असतो. पण पुढच्या आठवड्यात ‘पुरिसो गामा निक्खमति’ हे साधे वाक्य समोर आले की विद्यार्थी ‘गामा’ म्हणजे ‘गावे’ असे लिहून मोकळा होतो, कारण तक्त्याच्या पहिल्याच ओळीत आकारान्त रूप अनेकवचनाचे म्हणून त्याने ऐकलेले असते. ‘बुद्धा’ हे रूप पंचमीच्या एकवचनातही येते, हेही त्याने ऐकलेले असते. दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक असतात, फक्त त्यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते. आमच्या मते पाठाचा आरंभच या वाक्याने व्हावा. विद्यार्थी करील तेच चुकीचे भाषांतर फळ्यावर लिहावे, क्षणभर तसेच राहू द्यावे, आणि मग विचारावे: गावे निघाली असतील तर क्रियापद एकवचनी कसे, आणि ‘पुरिसो’चे काय करायचे? पुरुष गावातून बाहेर पडतो, हा अर्थ विद्यार्थ्याच्या हाती तेव्हा पडतो जेव्हा ‘गावे’ त्याच्या हातून सुटतात. यास सहा मिनिटे पुरतात, चारही पुरतील. तक्ता छापील पानावर द्यावा, तो वाचून दाखविण्यासाठी प्राध्यापकाचा चेहरा लागत नाही.

जेथे कृती दाखवायची आहे तेथे मात्र या माध्यमाला तोड नाही. अशोककालीन ब्राह्मीत ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ आणि ‘थ’ म्हणजे मध्ये बिंदू असलेले वर्तुळ. पुस्तकात ही दोन अक्षरे शेजारी छापलेली असतात; पण हात वर्तुळ पुरे करतो, थांबतो आणि मग बिंदू देतो, हे डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी शिलालेखाच्या ठशात तो बिंदू शोधू लागतो. ग्वो यांच्या अभ्यासातही हाताने लिहीत जाणारे पाठ छापील पानांच्या मालिकेहून अधिक वेळ पाहिले गेल्याचे आढळले. उच्चाराचेही तसेच. निग्गहीत कसे उच्चारावे हे शंभर शब्दांत लिहिण्यापेक्षा एकदा ऐकविणे बरे. ध्वनिमुद्रण तेवढे स्वच्छ हवे. पडद्यावरची पार्श्वभूमी फिकट असली तरी चालते, आवाज घुमला तर काहीच चालत नाही.

आता व्यवस्थेविषयी थोडे. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्याच्या अभ्यासक्रमाची चार अंगे सांगितली आहेत: चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकानिरसनाची चर्चा. आखणी निर्दोष आहे. पण चार अंगांपैकी पहिले एकदा तयार झाले की झाले. चौथ्याला दर सत्रात जिवंत माणूस लागतो. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी अशा अभ्यासक्रमांतून एका सत्रातील वीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा दिली, २०२१ मध्ये ती चाळीस टक्क्यांवर गेली. कुपवाडच्या विद्यार्थ्याला यात लाभ आहे, कारण जो विषय जवळच्या महाविद्यालयात नाही तो त्याला घेता येतो. धोका असा की जो विषय महाविद्यालयात आहे, पण ज्याची प्राध्यापकाची जागा रिकामी आहे, ती जागा रिकामीच ठेवण्याला चित्रफीत हे सबळ कारण ठरू शकते.

मज्झिमनिकायातील मधुपिण्डिक सुत्तात भगवान थोडक्यात सांगून विहारात निघून जातात, आणि त्या संक्षिप्त वचनाचा विस्तार विचारावयास भिक्खू महाकच्चानाकडे जातात. उद्देस छोटा होता म्हणून कोणाची तक्रार नव्हती. विभंग करून सांगणारा जवळ होता. म्हणून चित्रफितींचे मूल्यमापन करणाऱ्या समित्यांनी लांबी, प्रकाशयोजना आणि पाहणाऱ्यांची संख्या यांच्या रकान्यांबरोबर आणखी दोन रकाने ठेवावेत, अशी आमची सूचना आहे. विद्यार्थ्यांची कोणती चूक या पाठात दाखविली आहे, हा एक. आणि पाठ संपल्यावर शंका घेऊन आठवड्यातून कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणाकडे जावयाचे, हा दुसरा. ती वेळ दुसरी पाळी सुटल्यानंतरची असावी.