नेमो कोणत्या कपाटात?

विज्ञान-कादंबरी वाचणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी वय विचारत नाही. ते गृहीतच धरलेलं असतं : बारा. हातात रहस्यकथा असली तर तो माणूस 'विरंगुळा म्हणून' वाचत असतो, ऐतिहासिक कादंबरी असली तर 'संस्कृतीचा अभ्यास' करत असतो, आणि हातात काहीच नसलं तर तो समीक्षक असण्याची दाट शक्यता असते. पण साठी उलटलेला गृहस्थ अग्निबाणाचं मुखपृष्ठ असलेलं पुस्तक घेऊन बसच्या रांगेत उभा राहिला, की मागचे सद्गृहस्थ हमखास विचारतात, "नातवासाठी का?" "हो" म्हटलं की त्यांचं समाधान होतं. "नाही हो, माझ्यासाठीच" म्हटलं, तर ते रांगेत दोन पावलं मागे सरकतात.

यात लोकांचा दोष नाही, दोष कपाटांचा आहे. आमच्या वाचनालयात विज्ञान-कादंबऱ्यांची रीतसर फाळणी झालेली आहे. निम्म्या बालविभागात, आणि उरलेल्या 'संकीर्ण' या सदराखाली, पाककृती आणि ज्योतिष यांच्या मधोमध. मी ग्रंथपालबाईंना विचारलं, "बाई, ही वाटणी कशावरून करता?"

"जाडीवरून," त्या म्हणाल्या. मराठी समीक्षेत याहून स्पष्ट निकष निदान माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

या वाटणीमागे एक समजूत आहे. मुलांना म्हणे यंत्र हवं असतं आणि मोठ्यांना अर्थ. म्हणून मुलांच्या कादंबरीत यंत्र सुरू होतं आणि मोठ्यांच्या कादंबरीत ते बिघडतं. मुलांच्या कादंबरीत एक दाढीवाले शास्त्रज्ञ काका असतात. अग्निबाणाच्या शेपटीला आग लागलेली असली तरी ते "बाळांनो, गुरुत्वाकर्षण म्हणजे काय, सांगा पाहू?" असं विचारून तीन पानं बोलतात. मोठ्यांच्या कादंबरीत याच काकांची दाढी काढून त्यांना एक दुःखी पत्नी देतात. मग ते गुरुत्वाकर्षणाऐवजी मानवजातीच्या भवितव्यावर तीन पानं बोलतात, आणि ऐकायला बाळांऐवजी मंत्रालयातले सचिव असतात. व्याख्यान मात्र दोन्हीकडे तेच. चांगली विज्ञान-कादंबरी ओळखायची माझी खूण साधी आहे : काकांनी घसा खाकरला, की लेखक त्यांना ताबडतोब एखाद्या कामाला लावतो.

आता ज्यूल व्हर्न घ्या. मराठी मुलांशी त्याची गाठ घालून दिली ती फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांनी. त्यांचे हे उपकार फेडायला आमच्या पिढीला अजून सवड झालेली नाही. पण व्हर्न म्हटलं की आपल्याला आठवते ती पाणबुडी आणि तो अगडबंब समुद्रराक्षस. मूळ कादंबरी फ्रान्समध्ये १८६९-७० साली एका घरगुती नियतकालिकातून क्रमशः आली, म्हणजे बापाने आणि मुलाने एकाच दिव्याखाली वाचावी अशा बेताने. तिच्यात एक प्रसंग आहे. सिलोनच्या किनाऱ्याजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क धावून येतो. साऱ्या मनुष्यजातीशी उभा दावा मांडलेला कॅप्टन नेमो नुसता सुरा घेऊन त्या शार्कला भिडतो, आणि वाचलेल्या माणसाच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. का, तर तो माणूस दडपलेल्या मुलखातला आहे आणि आपणही त्याच बाजूचे आहोत, असं नेमो मानतो म्हणून. पुढे १८७४-७५ च्या 'रहस्यमय बेटा'त उलगडा होतो : हा नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कार. १८५७ च्या उठावात लढलेला, बायकामुलं गमावलेला. म्हणजे जगातली सर्वांत प्रसिद्ध पाणबुडी ज्याने बांधली, तो आपल्याकडचा निघाला की हो! एरवी पुष्पक विमानाचे आराखडे शोधत बसणाऱ्या आम्ही मंडळींनी या राजपुत्राचा साधा सत्कारसुद्धा केलेला नाही.

हा नेमो पोरांपर्यंत पोचू नये याची व्यवस्था इंग्रजीत झाली. पाणबुडीच्या कादंबरीचं भाषांतर करणाऱ्या पाद्रीबाबांनी सुमारे एक पंचमांश मजकूर गाळला. जो ठेवला, त्यात नेब्रास्कातल्या 'बॅडलँड्स' या ओसाड प्रदेशाचा 'नेब्रास्काचा अप्रिय मुलूख' करून टाकला. 'रहस्यमय बेटा'च्या इंग्रजी भाषांतरात राजपुत्राचा इंग्रजांवरचा राग थंड करण्यात आला. यंत्र ठेवलं आणि ते चालवणाऱ्याचं दुःख गाळलं. मग खुद्द इंग्रजच म्हणायला लागले, की व्हर्न काय, मुलांचा लेखक! आधी आमटीतलं मीठ काढून घ्यायचं आणि मग ती आजाऱ्यांसाठी उत्तम आहे म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

याच्याही वरताण घडलं ते रे ब्रॅडबरीच्या बाबतीत. त्याची 'फॅरनहाइट ४५१' ही १९५३ सालची कादंबरी पुस्तकं जाळणाऱ्या राज्याविषयी आहे. १९६७ साली तिच्या प्रकाशकाने शाळांसाठी खास आवृत्ती काढली आणि लेखकाला न विचारता पाऊणशेच्या आसपास जागी कात्री चालवली. दारू प्यालेला माणूस नुसता आजारी झाला. बेंबी साफ करायची होती तिथे कान साफ झाला. १९७३ पासून तर मोठ्यांनाही हीच सोवळी आवृत्ती विकली जाऊ लागली. पुस्तकं जाळण्याविरुद्ध लिहिलेलं पुस्तकच असं मंद आचेवर भाजलं जात होतं, आणि हे लेखकाला कळवलं कुणी? प्राध्यापकांनी नव्हे, समीक्षकांनी नव्हे. विद्यार्थ्यांनी पत्रं लिहून कळवलं! १९७९ साली ब्रॅडबरीला पत्ता लागला तेव्हा कुठे मूळ मजकूर परत आला. ज्यांच्या रक्षणासाठी कात्री चालवली, ती मुलंच मूळ पुस्तक आणि कापलेलं पुस्तक शेजारी ठेवून वाचत होती.

मुलं काय वाचतात याबद्दल माझ्याही घरी पुरावा आहे. वेल्सची 'टाइम मशीन' (१८९५) मी नातीला वाचून दाखवत होतो. नायक ८०२७०१ सालात जाऊन पोचतो. तिथे वर बागेत गोरी, नाजूक माणसं फळं खात, फुलं माळत दिवसभर खेळत असतात. जमिनीखाली कोण राहतं हे अजून कळायचं होतं. माझे चिरंजीव इंजिनिअर. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "बाबा, पण काळात असं मागंपुढं जाणं शक्य तरी आहे का?" नातीचा प्रश्न निराळा होता. ती म्हणाली, "आजोबा, या लोकांना कपडे कोण शिवून देतं?"

अहो, तीच तर कादंबरी आहे! वरच्यांना कपडे पुरवणारे खाली अंधारात राबताहेत, आणि त्या शिलाईचं बिल रात्री फार भयंकर पद्धतीने वसूल होतं. श्रीमंत आणि मजूर असेच दूर होत गेले तर काय होईल, हे वेल्सने विचारलं. ते दहा वर्षांच्या पोरीने बरोबर हेरलं आणि पन्नाशीच्या इंजिनिअरने यंत्राची तरफ पकडून ठेवली. तेव्हा वाटणी आहे हे खरं. फक्त पाट्या उलट्या लागल्या आहेत. यंत्र मोठ्यांना हवं असतं. मुलं माणसांची चौकशी करतात.

शिवाय यंत्रावर भिस्त ठेवण्यात धोका आहे. विज्ञान हे दुधासारखं असतं, लवकर नासतं. असिमॉव्हने 'पॉल फ्रेंच' या टोपणनावाने मुलांसाठी सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या १९५४ च्या कादंबरीत शुक्रावर महासागर उसळतात. पुढे खरा शुक्र कळला, तो साडेचारशे अंशांहून अधिक तापलेला तवा! बिचाऱ्याला नव्या आवृत्तीत प्रस्तावना लिहून मुलांना सावध करावं लागलं. नेमोची पाणबुडी आज कुठल्याही नौदलाला जुनाट वाटेल. नेमोचा राग मात्र जुना झालेला नाही.

आपल्याकडे हे नेमकं ओळखलं ते जयंत नारळीकरांनी. 'वामन परत न आला' (१९८६) या कादंबरीत एका लुप्त, प्रगत संस्कृतीचं ज्ञान हाती लागतं आणि त्यातून एक यंत्रमानव उभा राहतो. त्याचं नाव वामन. काकांना इथे बोलावंच लागत नाही. जो लहान होऊन दारात येतो त्याला तीन पावलं जमीन देताना जपावं, हे मराठी मुलाला कुणी शिकवावं लागत नाही, आणि मराठी मोठ्यांच्या काही केल्या लक्षात राहत नाही.

याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाने नव्हे. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' झाले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून कथा उतरवून घेतली. परीक्षकांसमोर नावाचं वलय राहिलं नाही, कथा राहिली. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

जसं नाव झाकता येतं, तसं वयही झाकता येईल. प्रकाशकांनी मलपृष्ठावर छापलेली 'वयोगट १० ते १४' ही ओळ तेवढी काढून टाकावी. अगदीच जागा रिकामी दिसत असेल तर तिथे बारीक अक्षरांत छापावं : 'मोठ्यांनी हे पुस्तक मुलांच्या देखरेखीखालीच वाचावे.'