वर चढणाऱ्या रेषेत दडलंय काय?

अमेरिकेतल्या कारखानदारीवर चर्चा निघाली की कुणीतरी एक आलेख दाखवतोच. त्यात दोन रेषा असतात. उत्पादनाची वर चढत जाते आणि नोकऱ्यांची 2000 नंतर धाडकन खाली येते. 2000 साली तिथल्या कारखान्यांत सुमारे 1 कोटी 70 लाख लोक होते, 2010 मध्ये सुमारे 1 कोटी 15 लाख उरले. निष्कर्ष ठरलेला: उत्पादन वाढतंय, म्हणजे आयातीने काही बिघडवलं नाही, नोकऱ्या यंत्रांनी खाल्ल्या. मीही बरेच दिवस हेच मानत होते.

गडबड चढत्या रेषेत आहे. सुझन हाउसमन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी ती उकलून पाहिली. इथे उत्पादन म्हणजे नग नव्हेत, तर महागाई वजा केलेलं मूल्य. आणि संगणकांच्या बाबतीत त्यात गुणवत्ताही धरतात. समजा (आकडे माझ्या मनाचे), कारखान्याने गेल्या वर्षी 100 संगणक विकले आणि यंदाही 100च, त्याच किमतीला, पण प्रत्येक दुप्पट सरस. हिशेबात उत्पादन दुप्पट! यात लबाडी नाही, ग्राहकाला खरंच जास्त मिळालं. पण म्हणून त्या कारखान्यात रोबो आले असं थोडंच सिद्ध होतं?

संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स हा कारखानदारीचा छोटा हिस्सा. तो बाजूला काढला की बाकीच्या उत्पादनाची वाढ अगदीच किरकोळ उरते. आणि यंत्रांचा पुरावा म्हणून जी उत्पादकता दाखवतात, ती याच आकड्याला कामगारांनी भागून काढलेली असते. म्हणजे साक्षीदार दोन नाहीत, एकच आहे.

मग आयातीचा परिणाम मोजायचा कसा? ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांनी 2013 च्या निबंधात देशाची एकच रेषा घेतली नाही. त्यांनी 722 स्थानिक श्रमबाजार घेतले आणि चिनी मालाशी थेट टक्कर असलेल्या भागांची इतरांशी तुलना केली. अमेरिकेतली मागणीच बदलली असेल तर? म्हणून त्यांनी चीनमधून इतर आठ श्रीमंत देशांत गेलेल्या मालाचा आधार घेतला. ही युक्ती मला फार आवडते. त्यांच्या मते 1990 ते 2007 मधल्या घटीचा साधारण चौथा हिस्सा आयातीमुळे आहे.

माझी तक्रार या चौथ्या हिश्श्याबद्दल. ही पद्धत एका भागाचं दुसऱ्याच्या तुलनेत किती नुकसान झालं ते सांगते. सगळ्या देशाला सारखाच फटका किंवा सारखाच फायदा झाला असेल, तर तो वजाबाकीत उडून जातो. देशाचा आकडा काढायला वेगळं गृहीतक लागतं, आणि उद्धृत करताना ते गळून पडतं. उरलेले तीन हिस्से परस्पर यंत्रांच्या खात्यावर टाकणं तर त्याहून वाईट.

हा नुसता मोजमापाचा वाद नाही. आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी तिथे खास सरकारी मदत होती, पण कारण आयातच आहे हे दाखवावं लागे. त्याच निबंधात दिसतं की फटका बसलेल्या भागांतून लोक फारसे बाहेर पडले नाहीत, आणि तिथे अपंगत्वाच्या भत्त्यावरचा खर्च या खास मदतीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त वाढला.