मंगळाची स्वारी आणि माणसाचा आरसा

परचक्राची भीति ही मानवजातीच्या अत्यंत जुन्या भीतींपैकीं एक होय. क्षितिजावर धूळ उठली, वेशीचे दरवाजे लागले, आणि बायकामुलांनीं डोक्यावर गांठोडीं घेऊन रानाची वाट धरली, हें दृश्य पाहिलें नाहीं असा देश पृथ्वीच्या पाठीवर विरळाच. ह्या भीतीला क्षितिजावरून उचलून आकाशांत नेऊन ठेवण्याचें काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एच. जी. वेल्स ह्या इंग्रज लेखकानें केलें. त्याची ‘दि वॉर ऑफ दि वर्ल्ड्स’ ही कादंबरी 1897 सालीं मासिकांतून क्रमशः आली व 1898 सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. तिच्यावरून 1953 सालीं अमेरिकेंत निघालेला त्याच नांवाचा बोलपट हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. निर्माता जॉर्ज पाल, दिग्दर्शक बायरन हॅस्किन, लांबी अवघी 85 मिनिटें. जतन करण्यायोग्य अशा चित्रपटांच्या अमेरिकन राष्ट्रीय सूचींत 2011 सालीं त्याचा समावेश झाला. म्हणजे अभिजातपणाचा शिक्काहि त्यावर बसला. परंतु असा शिक्का बसलेल्या कृतीचेंच परीक्षण अधिक कसून व्हावें, असें आमचें मत आहे.

कथानक थोडक्यांत असें. कॅलिफोर्नियांतील लिंडा रोझा नांवाच्या कल्पित गांवाजवळ एक प्रचंड उल्का पडते. गांवकरी तिच्याभोंवतीं जत्रेप्रमाणें जमतात. ही चीज पाहण्यास लांबलांबून लोक येतील व गांवाला चार पैसे मिळतील, असे बेतहि कांहीं जण करूं लागतात. रात्रीं उल्केचें झांकण फिरूं लागतें. पहाऱ्यावर ठेवलेले तिघे जण पांढरें निशाण घेऊन पुढें होतात, आणि क्षणार्धांत त्यांची राख होते. मग सैन्य येतें, तोफा येतात, विमानें येतात, शेवटीं अणुबाँबहि टाकला जातो. पण मंगळावरून आलेल्या यंत्रांवर ओरखडाहि उठत नाहीं. डॉ. फॉरेस्टर हा शास्त्रज्ञ व सिल्व्हिया ही तरुणी ह्या संहारांतून वाट काढीत लॉस एंजेलिसला पोंचतात, तेथें त्यांची ताटातूट होते, आणि अखेर एका चर्चमध्यें तीं पुन्हा एकमेकांस भेटतात. त्याच घटकेस यंत्रें कोसळूं लागतात. पृथ्वीवरील ज्या सूक्ष्म जंतूंशीं झगडण्याची शक्ति मंगळवासीयांच्या शरीरांत नव्हती, त्या जंतूंनीं त्यांचा निकाल लावलेला असतो.

प्रथम गुणांचा विचार करूं. चमत्कृतिदृश्यांची योजना गॉर्डन जेनिंग्ज ह्याची. तिला अमेरिकेंतील चित्रपट-अकादमीचें पारितोषिक मिळालें. परंतु बोलपट प्रेक्षकांसमोर येण्यापूर्वींच जेनिंग्ज निवर्तला होता. वेल्सनें आपलीं यंत्रें तीन उंच पायांवर चालविलीं होतीं. पडद्यावरील यंत्रें तशीं नाहींत. तांब्याच्या रंगाचा, पाकट माशासारखा पसरट देह, आणि त्यावर नागाच्या फणीसारखी डोलणारी मान. त्या मानेच्या टोंकांतून अग्निकिरण सुटतो. हा पालट आम्हांस उचित वाटतो. पायांवर लटपटत चालणारें यंत्र वाचतांना भयंकर वाटतें, पण पाहतांना तें हास्यास्पद होण्याचा संभव फार. उलट हीं यंत्रें संथपणें, कोणाचीहि पर्वा न करितां तरंगत येतात. त्यांना घाई नाहीं, क्रोध नाहीं, आणि म्हणूनच त्यांची दहशत बसते. तीं ज्या तारांवर टांगलीं होतीं त्या कांहीं प्रतींत स्पष्ट दिसत. तारा दिसूनहि भय उरतें, ही त्या रचनेची खरी कसोटी होय.

ह्या यंत्रांची आकृति कल्पिली ती आल्बर्ट नोझाकी ह्या कलावंतानें. हा जन्मानें जपानी, वाढला अमेरिकेंत. जपानशीं युद्ध जुंपल्यावर अमेरिकेनें आपल्याच देशांतील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलें, तेव्हां नोझाकीलाहि मॅन्झनार येथील छावणींत राहावें लागलें. इंग्रजी भाषेंत ‘एलियन’ हा एकच शब्द परदेशी माणसासहि लावतात आणि परग्रहावरच्या प्राण्यासहि. ज्यास स्वतःच्या शहरांत परका ठरविण्यांत आलें, त्याच्याच हातून परक्यांचें हें अजरामर वाहन निर्माण व्हावें, ह्या योगायोगांतील उपरोध लक्षांत आल्यावर तो बोलपट पहिल्याप्रमाणें पाहतां येत नाहीं.

दोषहि उघड आहेत. सिल्व्हियाची ओळख करून देतांना ती विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्र शिकविते असें सांगितलें जातें. पण त्यापुढें त्या विद्येचा उपयोग कोठेंच होत नाहीं. कॉफी वाटणें, किंचाळणें आणि नायकाच्या खांद्यावर मान टाकणें, एवढेंच काम तिच्या वांट्याला येतें. ॲन रॉबिन्सन हिनें तें मन लावून केलें आहे, हा तिचा चांगुलपणा. जीन बॅरीचा फॉरेस्टर रुबाबदार आहे. मात्र त्याच्या अंतरंगांत शिरण्यास पटकथेनें त्यास व आम्हांस फुरसतच दिली नाहीं. असो. अशा बोलपटाकडे आपण स्वभावचित्रणासाठीं जात नाहीं, हें आम्ही जाणतों. आमचा खरा आक्षेप निराळा, आणि अधिक खोल आहे.

वेल्सची कादंबरी वाचलेल्या वाचकास स्मरत असेल कीं, पहिल्याच प्रकरणांत लेखक आपल्या इंग्रज वाचकाचा कान धरतो. मंगळवासीयांना क्रूर म्हणण्यापूर्वीं, आपण स्वतः इतर प्राण्यांची आणि टास्मानियांतील मूळ रहिवाशांची काय गत केली तें आठवा, असें तो बजावतो. तेथील लोकांचा युरोपियन वसाहतवाल्यांनीं एका पिढी-दोन पिढ्यांत केलेला संहार हेंच ह्या कादंबरीचें बीज होय. साम्राज्य वैभवाच्या शिखरावर होतें. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव 1897 सालींच झाला होता. अशा समयीं लंडनच्या उंबरठ्यावर मंगळाचे तोफखाने आणून ठेवावयाचे आणि विचारावयाचें, ‘आतां कसें वाटतें?’, ह्याला धैर्य लागतें. बोलपटाच्या आरंभीं सेड्रिक हार्डविक ह्याच्या धीरगंभीर आवाजांत वेल्सच्या प्रास्ताविकाचा बराचसा भाग ऐकूं येतो. पण टास्मानियाचा उल्लेख तेवढा गाळलेला आहे! आरसा काढून घेतला आणि चौकट ठेवली. मूळ कथेंत स्वारी हें एका प्रश्नाचें रूप होतें; येथें ती निरपराध्यांवर कोसळलेली निव्वळ आपत्ति झाली.

असें कां झालें, हें समजणें कठीण नाहीं. 1949 सालीं रशियानें अणुबाँबची चांचणी केली होती. 1953 च्या जुलईंत कोरियांतील लढाई नुकतीच थांबली होती. त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाला आकाशांतून येणाऱ्या संकटाचें भय होतें, स्वतःच्या इतिहासाचें नव्हे. प्रत्येक काळ ह्या कथेंत आपलें भय ओततो. 1938 च्या 30 ऑक्टोबरला ऑर्सन वेल्स ह्यानें ती नभोवाणीवर बातमीच्या थाटांत सादर केली, तेव्हां युरोपवर युद्धाची छाया होती. 2005 सालीं स्टीव्हन स्पिलबर्गनें ती पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हां न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून चार वर्षें झालीं होतीं. कादंबरींत मनुष्याच्या तोफा व एक युद्धनौका निदान दोन-तीन यंत्रें तरी लोळवितात. बोलपटांत एकहि यंत्र मनुष्याच्या हातून पडत नाहीं. पंचावन्न वर्षांत शस्त्रें हजारपट वाढलीं आणि शस्त्रांवरचा विश्वास पार ओसरला! एवढी एकच गोष्ट बोलपटाचा काळ सांगण्यास पुरेशी आहे.

धर्मोपदेशकाच्या पात्रांत झालेला बदल तर फारच बोलका आहे. कादंबरींतील धर्मोपदेशक भित्रा, खादाड आणि संकटांत बुद्धि गमावून बसणारा आहे. बोलपटांतला कॉलिन्स हा शांत व सज्जन पुरुष आहे. लष्कर तोफा रोखून बसलें असतां तो एकटा, बायबलांतील स्तोत्र म्हणत, यंत्रांकडे चालत जातो आणि भस्म होतो. हें दृश्य संबंध बोलपटांत सर्वांत सुंदर आहे, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. तथापि जाण्यापूर्वीं तो जो तर्क करतो तो विचार करण्यासारखा आहे: जे आपल्याहून पुढारलेले आहेत ते परमेश्वराच्याहि अधिक जवळ असले पाहिजेत! हा तर्क आपल्या परिचयाचा नाहीं काय? आगगाडी, तारायंत्र आणि छापखाना घेऊन आलेले लोक नीतीनेंहि श्रेष्ठच असणार, अशा श्रद्धेनें आमच्याकडील कित्येक थोर पुरुषांनीं इंग्रजी राज्य ही ईश्वरी योजना मानली होती. त्यांच्या सद्भावाविषयीं शंका नाहीं. कॉलिन्सच्या सद्भावाविषयींहि नाहीं. पण यंत्रविद्या आणि दया ह्यांचें एकमेकींशीं कांहींहि नातें नाहीं, हा वेल्सचा सिद्धान्त ह्या एका दृश्यांत अग्निकिरणानेंच लिहिला गेला आहे, आणि तोहि बहुधा निर्मात्याच्या नकळत.

कारण पुढें बोलपट ह्याच श्रद्धेकडे परत वळतो. जंतूंनीं शत्रूचा नाश होतो तो चर्चच्या दारांत, प्रार्थना चालू असतां. ईश्वरी चातुर्याचा उल्लेख मूळ कादंबरींतहि आहे, हें खरें; पण हक्सलेच्या हाताखालीं जीवशास्त्र शिकलेल्या वेल्सच्या मनांतील न्याय निसर्गाचा आहे. लाखों पिढ्यांनीं मरून रोगांशीं झुंजण्याची जी शक्ति मिळविली, ती मनुष्याच्या उपयोगीं पडली, इतकेंच. बोलपट मात्र त्यास प्रार्थनेचें फळ बनवितो. आम्ही नास्तिक नाहीं. परंतु असा निष्कर्ष काढतांना इतिहासाकडे पाठ फिरवावी लागते. जंतु जर परमेश्वराचे शिपाई, तर अमेरिकेंतील मूळ रहिवाशांना देवीच्या सांथींनीं गारद केलें तेव्हां ते कोणाच्या बाजूनें लढत होते? ही कादंबरी मासिकांतून येत होती त्याच 1897 सालीं पुण्यांत प्लेगनें हाहाकार उडविला होता. त्या प्लेगनें कोणाची प्रार्थना ऐकली? जंतूला स्वपक्ष नाहीं. वेल्सच्या शेवटांतील थरार आहे तो ह्याच निष्पक्षपातीपणाचा, आणि तोच येथें हरवला आहे.

मग बोलपटांत आरसा मुळींच उरला नाहीं काय? आमच्या मतें एके ठिकाणीं उरला आहे, आणि त्या स्थळासाठींच आम्ही ह्या कृतीस श्रेष्ठ मानतों. लॉस एंजेलिस रिकामें होत असतें. मंगळवासीयांच्या रक्ताची परीक्षा करून कांहीं उपाय काढावा म्हणून शास्त्रज्ञ आपलीं उपकरणें गाड्यांत भरून निघतात. रस्त्यांत पळणाऱ्यांचा जमाव त्या गाड्या अडवितो, माणसांना खालीं ओढतो, उपकरणें फेंकून देतो आणि गाड्या पळवितो. जिच्यावर साऱ्यांच्या जीविताची आशा, ती वस्तु मनुष्यानेंच रस्त्यावर फोडली. मंगळाचें एकहि यंत्र ह्या प्रसंगीं पडद्यावर नाहीं, त्याची गरजहि नाहीं. येथें दिग्दर्शकाचा हात कोठेंहि कांपलेला नाहीं. फाटक्या कपड्यांनीं ओस रस्त्यांतून हिंडणारा फॉरेस्टर पाहतांना, पृथ्वी परक्यांनीं जिंकली असली तरी ती हरली स्वकीयांकडून, हें प्रेक्षकास सांगावें लागत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना अशी कथा पाहतांना आपण केवळ जिंकले गेलेले, टास्मानियाच्या बाजूचे, असें वाटेल. दीडशें वर्षांच्या पारतंत्र्यामुळें तें स्वाभाविकहि आहे. परंतु आरसा हातीं घ्यावयाचा तर तो पुरता घ्यावा. 1741 पासून दहा वर्षें नागपूरकर भोसल्यांचीं पथकें बंगालवर चालून गेलीं. त्यांच्या धास्तीनें 1742 सालीं कलकत्त्यास शहराभोंवतीं खंदक खणण्यास सुरुवात झाली, आणि ‘बर्गी’ हा शब्द बंगाली आयांच्या अंगाईगीतांत जाऊन बसला तो अद्यापि तेथेंच आहे. त्या गीतानें निजणाऱ्या मुलाच्या लेखीं क्षितिजावरची धूळ कोणाची होती? चौथाई मागणाऱ्या स्वारांना आपण मंगळावरचे प्राणी आहों असें वाटलें नसेल. तसें कोणासच वाटत नसतें. वेल्सनें इंग्रजांना जो प्रश्न केला, तो प्रत्येक पराक्रमी समाजानें स्वतःस केला पाहिजे, आणि आपल्या पराक्रमाच्या कथा मुलांना सांगतांना तर अवश्य केला पाहिजे.

तात्पर्य, हा बोलपट पाहावा. घरांतील मुलांमाणसांसह पाहावा. त्याचे रंग, त्याचीं यंत्रें, कॉलिन्सचें चालत जाणें आणि जमावाचा तो प्रसंग हीं सत्तर वर्षांनंतरहि फिकीं पडलेलीं नाहींत. पण पाहून झाल्यावर वेल्सचें पुस्तक कपाटांतून काढून त्याचें पहिलें प्रकरण मोठ्यानें वाचावें. बोलपट आपणांस भय दाखवितो आणि शेवटीं तें उतरवूनहि देतो. पुस्तक भय दाखवितें, आणि मग तें भय आपण कोणाकोणास दाखविलें आहे, ह्याचा हिशेब मागतें. करमणूक म्हणून पहिली गोष्ट उत्तम. वाङ्मयाचें काम दुसरें आहे.